आरशातला सासरा

"जावईबापू, तुमच्या गाडीला चौथा गिअर आहे का, की तो फक्त नाताळात बाहेर काढता?"

नेव्हिल टकवेलनं हे किंबा गावाच्या पेट्रोल पंपावर, पाच अनोळखी ट्रकवाल्यांसमोर विचारलं. ट्रकवाले हसले. डॅमियननंही हसून घेतलं. अठरा वर्षं जावई म्हणून काढल्यावर माणसाला एवढं जमतंच.

नेव्हिल चौऱ्याहत्तर वर्षांचा. आयुष्यभर मेंढ्या कातरणाऱ्यांची टोळी चालवलेली, त्यामुळे माणसं आणि मेंढ्या यांच्यात तो फारसा फरक करत नसे. दर ऑक्टोबरला तो मोटरसायकलवरून सेडूनाला जाई, समुद्राकाठी बसून दोन डझन कालवं खाई आणि परत येई. एकटाच. या वर्षी मात्र त्यानं आपणहून जावयाला बोलावलं होतं. वर, पुढे चालायचा मानही दिला होता. "पाहुणे आधी," म्हणाला.

पाहुणे विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायचे. त्यामुळे नव्वदच्या वर जायचे नाहीत, आणि जिथं मैलोन् मैल वळणच नाही तिथंही वळणाची तयारी ठेवायचे. शिवाय त्यांच्या बायकोनं त्यांच्यावर एक कामगिरी सोपवली होती. "बाबांना सांग, ही शेवटची खेप. आता बाईक बंद," शेरिल म्हणाली होती. "तूच सांग. माझं ते ऐकत नाहीत." जणू डॅमियनचं ऐकायला म्हातारा कानात प्राण आणून बसला होता.

किंबा सोडल्यापासून डॅमियन ते वाक्य हेल्मेटच्या आत घोळवत होता. दोन्ही बाजूंना पिवळा पडलेला गहू, मधून सरळ रस्ता, आणि आरशात सासरा. दहा मीटरवर. ना पुढे जाई, ना मागे राही. डॅमियननं वेग कमी केला की तोही करी. डॅमियन पाणी प्यायला थांबला की तोही थांबे आणि प्रेमानं विचारी, "दमलात? अजून सकाळच आहे हो."

शेवटी डॅमियनचं डोकं फिरलं. त्यानं गाडी थेट एकशे दहावर नेली. आरसा रिकामा झाला. ती सात मिनिटं फार सुखाची गेली.

मग धान्याच्या उंच कोठारांपाशी थांबून त्यानं वाट पाहिली. वीस मिनिटांनी नेव्हिल आला. बैलगाडीच्या वेगानं, रस्त्याच्या अगदी मधोमध. त्याच्यामागे तीन ट्रेलर ओढणारा ट्रक जिवाच्या आकांतानं भोंगा वाजवत होता.

"नेव्हिल! डावीकडे! डावीकडे घ्या!"

आवाजाच्या दिशेनं गाडी खडीत घसरली आणि कशीबशी उभी राहिली. ट्रक धुरळा उडवत निघून गेला. नेव्हिल हँडल सोडायला तयार नव्हता. रागानं, असं डॅमियनला वाटलं.

"पळून जायचं होतं तर लग्नाच्या आधी पळायचं," म्हातारा म्हणाला. "आता काय उपयोग!"

वाटेतल्या वुडिना गावाच्या खाणावळीत भिंतीवर हातभर लांब यादी होती. एरवी तिच्यातल्या प्रत्येक पदार्थाला नेव्हिलनं नावं ठेवली असती. आज त्यानं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. "जावई खातील तेच मला." डॅमियननं दोन मटण पॅटिस आणले. नेव्हिलनं अर्धा सॉस पॅटिसवर ओतला, अर्धा टेबलावर, आणि बाटलीला शिव्या घातल्या.

फोनवर शेरिलचा निरोप आला : 'बोललास?'

डॅमियननं घसा खाकरला. वाक्य तयार होतं. तोंडातून भलतंच निघालं.

"सकाळपासून जळवेसारखे चिकटलायत माझ्या मागे! मी भित्रा आहे, रडत चालवतो, कबूल. मग जा ना पुढे! रस्ता तुम्हाला तोंडपाठ आहे!"

शेजारच्या टेबलावरच्या दोन शेतकऱ्यांनी चावणं थांबवलं.

"पाठ आहे, पण दिसत नाही," नेव्हिल हळूच म्हणाला. "तुझा मागचा लाल दिवा दिसतो. बाकी सगळं धुकं."

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून. डॉक्टर म्हणाला, सुधारणार नाही. म्हटलं, एकदा शेवटची कालवं खाऊन येऊ."

"आणि मला सांगितलं नाहीत? तो ट्रक... नेव्हिल, तुम्ही मेला असता!"

"सांगितलं असतं तर घरातच किल्ली काढून घेतली असतीस. तुझ्याइतका नाकासमोर चालणारा कंटाळवाणा माणूस मी जन्मात पाहिला नाही." म्हाताऱ्यानं बशी बाजूला सारली. "म्हणून तर तुझ्या मागे आलो. दुसऱ्या कुणाच्या मागे आलो नसतो."

डॅमियननं टेबलावर हात पुढे केला. "किल्ली."

नेव्हिलनं ती खिशातून काढली, थोडा वेळ मुठीत धरली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"तुमची गाडी इथंच राहील," डॅमियन म्हणाला. "सेडूना अजून दोनशे किलोमीटर आहे. माझ्या मागे बसा."

"म्हणजे चिकटायचं ते चिकटायचंच."

फोन वाजू लागला. शेरिल.

"उचल," नेव्हिल म्हणाला. "सांग, तू समजावलंस आणि मी मुकाट ऐकलं."

"पण तुमचे डोळे..."

"ते मी घरी गेल्यावर सांगेन. जावई शहाणा निघाला, एवढा धक्का तिला आज पुरे."