वरमायची पिशवी

शकुताईंनी लसूण सोलायला घेतला, तशी विभावरीने त्यांच्यापुढची परात ओढून घेतली.

"अहो विहीणबाई, तुम्ही काहून करून राहिल्या? वरमाय ना तुम्ही! बसा निवांत."

शकुताई आंब्याखालच्या खाटेवर जाऊन बसल्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून.

मध्य प्रदेशातल्या मझौली गावच्या शेतातलं लग्न. सगळं घरच्या हातचं. मांडव नवरदेवाच्या, म्हणजे अजिंक्यच्या, फॅक्टरीतल्या मित्रांनी उभारला. हार सुखदाच्या मैत्रिणींनी ओवले. पुऱ्या लाटायला तर अर्धं गाव लोटलं होतं. जबलपूरहून आलेल्या वरमायला मात्र विभावरीने कशाला बोट लावू दिलं नाही. मुलाची आई रुसली की पुढे मुलीला निस्तरावं लागतं, आणि सुखदा तिची एकुलती एक. शकुताई फुलं निवडायला आल्या, हिने खुर्ची दिली. पुऱ्या लाटायला आल्या, हिने सरबत दिलं. एवढं करूनही बाईंचं तोंड फुगलेलं ते फुगलेलंच. पिशवी तर अशी धरलेली, की आत्ता उठतील आणि गाडीत जाऊन बसतील. विभावरीचा जीव टांगणीला लागला होता.

नवरानवरी पाटावर उभी राहिली आणि कुणीतरी विचारलं, "अंतरपाट कुठे आहे?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. प्रत्येकाला वाटलं होतं, दुसऱ्याने आणला असेल. गावचे पंडितजी म्हणाले, "हमारे यहाँ तो होता नहीं, हमें क्या पता!" एकाने गळ्यातला गमछा काढला. कुणी चादर आणायला धावलं. विभावरीने खाटेकडे पाहिलं. शकुताई उठल्या होत्या. झालं, चालल्या! तिला रडूच फुटायचं बाकी होतं.

शकुताई सरळ मांडवात आल्या. पिशवीतून त्यांनी घडी काढून उलगडली. पांढराशुभ्र अंतरपाट, मधोमध लाल रेशमाने भरलेलं स्वस्तिक.

"हे तुम्ही केलंत?" विभावरीने विचारलं.

"मग? फोनवर विचारलं, काय आणू? तुम्ही म्हणाल्या, फक्त या. घरचं लग्न म्हणता, अन् मलेच पाहुणी करून ठेवलं!"

विभावरीने घाईघाईने दोन्ही हात पुढे केले. शकुताईंनी एकच टोक तिला दिलं. दुसरं स्वतःच्या मुठीत पक्कं धरलं.

"हे तरी नका घेऊ माझ्याकडून. सकाळपासून हात रिकामे आहेत."