किनाऱ्यावरची होडी

लॅपटॉपवर बाबा होडीपाशी उभे होते, खांद्यावर ठिगळ असलेल्या निळ्या शर्टात. तीन वर्षं खपून लेकीनं हा व्हिडिओ गेम हातानं रंगवला होता. त्यातली गोष्ट आईच्या स्वप्नांमधली: दर्याच्या तळाशी वरुणाचा महाल आणि तिथं जाळं विणत बसलेले बाबा.

"आई, हे बटण दाब. होडी निघेल."

आईचा हात बटणावरच थांबला. "नारळ कुठाय?"

लेक चपापली. त्या वर्षी नारळी पौर्णिमेआधीच, दर्याला नारळ न देता बाबांनी होडी लोटली होती. ते परतलेच नाहीत. आणि आता चित्रातही ती नारळ विसरली होती.

तिनं तिथंच बसून सोनेरी कागदातला नारळ रंगवला, पडद्यावरच्या लाटेवर सोडला.

"आता दाब. घाबरू नकोस. शेवटी बाबा परत येतात, मीच तसं केलंय."

आईनं पदरानं पडदा पुसला, शर्टापाशी जरा जास्त वेळ.

"संध्याकाळी येतो, असं सांगूनच गेले होते," ती म्हणाली आणि हात मागे घेतला. "उभे राहू देत इथंच. आणि हे बंद नको करूस."