यादीखालचं वाक्य

"लिहिलंय ना तिथं, ढळढळीत!" व्हेयोने पडद्यावर बोट आपटलं. सानेल्माला ते दिसणार नाही हे आठवून लगेच ओशाळला. "यादीच्या खाली. ‘आधी प्रत काढून ठेवा, जुनी माहिती पुसली जाते.’"

"मी ते पान वाचलं होतं, व्हेयो."

"मग आठवड्याचं काम उडालं कसं?"

सानेल्मा जन्मापासून अंध. पडद्यावरचा मजकूर यंत्र तिला वाचून दाखवी. तांपेरे शहरातल्या या ऑफिसात तिचा प्रोबेशनचा शेवटचा आठवडा होता, आणि काल तिने संगणकाला दिलेल्या एका आज्ञेने सगळ्यांचं काम पुसलं गेलं होतं. दोन वाजता ऑफिसप्रमुख ओर्वोक्की तिच्या नोकरीचा निर्णय घेणार होती. अहवाल व्हेयोने कधीच लिहून ठेवला होता: चूक सानेल्माची, सूचना वाचली नाही.

"ऐक तर." सानेल्माने हेडफोन काढून आवाज मोकळा केला. एका बटणाने ती परिच्छेदांवरून उड्या मारत जाई, दुसऱ्याने याद्या वाची. यंत्राने परिच्छेद वाचला, यादी वाचली. पुन्हा परिच्छेदाचं बटण दाबताच ते थेट पुढच्या विषयावर गेलं. सूचना पडद्यावर लालभडक. यंत्राच्या तोंडून अवाक्षर नाही.

"परत दाब," व्हेयो म्हणाला. परत तेच.

त्याने पानामागच्या खुणा, म्हणजे कुठे काय मांडायचं हे ब्राउझरला सांगणारा कोड, उघडल्या. प्रोग्रॅमरांच्या टिपणांवरून ही माहितीची पानं बनवणारं अवजार व्हेयोचंच, एकोणीस वर्षांचं. त्याबद्दल कुणी ब्र काढलेला त्याला खपत नसे. अवजार परिच्छेद उघडायचं, यादी त्याच्या पोटात घालायचं, खाली सूचना लिहायचं आणि मग परिच्छेद बंद करायचं. वेबपानांच्या नियमाने परिच्छेदाच्या पोटात यादी चालत नाही. म्हणून ब्राउझर यादी येताच परिच्छेद मुकाट्याने मिटून टाकी आणि सूचना कुठल्याच परिच्छेदात नसे, त्यामुळे सानेल्माचं बटण तिला ओलांडून जाई. बघणाऱ्यांना पान ठीकच दिसे. इतकी वर्षं ब्राउझर त्याच्या चुकीवर पांघरूण घालत आला होता.

दुरुस्ती दहा मिनिटांची. यादीआधी परिच्छेद बंद, यादीनंतर नवा सुरू. पान पुन्हा तयार झालं. सानेल्माने बटण दाबलं.

"आधी प्रत काढून ठेवा," यंत्र म्हणालं.

तिचं बोट बटणावरच राहिलं. "कधीपासून असं होतं हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"माझ्या?"

"माझ्या." व्हेयोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन वाजता तिघं टेबलाशी बसली. व्हेयोने अहवाल पुढे ओढला, ‘चूक कुणाची’ या रकान्यातलं नाव खोडलं, शेजारी दुसरं लिहिलं आणि कागद सरकवला. ओर्वोक्कीने चष्मा लावला.

"अरे, हे तर..."

"मोठ्यानं वाच," व्हेयो म्हणाला. "तिला ऐकू दे."