दोन टिचक्या

कार्यक्रमाच्या दिवशी ती चकार शब्द बोलायची नाही. ऑपेराचे उंच सूर पॉपच्या ठेक्यावर लावायचे, तर घसा जपायलाच हवा. आईचा फोन आला की ती नखाने फोनवर टिचकी मारायची. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

हल्ली रोजच टिचक्या.

"आजही कार्यक्रम?" आईने विचारलं.

टक्.

"बाई गं, उसंत म्हणून नाही तुला! शेजारच्या काकू विचारत होत्या, लेक ऑपेरावाल्यांची की पॉपवाल्यांची? म्हटलं, दोघांची ओढाताण चाललीय." मग आईचा गळका नळ झाला, गुडघा झाला, वरच्या मजल्यावरचं भांडणही झालं. गळ्यावरचा ऑपरेशनचा व्रण चाचपत ती ऐकत राहिली.

बोलता बोलता आई थांबली.

"पूर्वी कार्यक्रम असला की दोन मिनिटांत फोन ठेवायचीस गं. आता तासतासभर ऐकत बसतेस." आईचा आवाज खाली आला. "काय झालंय ते नको सांगूस. आवाज फाटका असू दे, घोगरा असू दे. एकदा नुसतं 'आई' म्हण."

तिने ओठ उघडले, मिटले.

टक्. टक्.