गाडी स्लोला टिकली

किक मारली की मोटारसायकल सुरू व्हायची, पण सुनेने अ‍ॅक्सिलरेटर सोडला की स्लोला टिकायची नाही, दोनदा ठसकायची आणि बंद पडायची. मागच्या अंगणात सकाळपासून हेच चाललं होतं. सून घामाने निथळत होती. सासूबाई खुर्चीत बसून नुसत्या ऐकत होत्या.

"आई, राहू दे का?"

"जन्मल्या जन्मल्या काही बाळंही अशीच धापा टाकतात. त्यांना राहू देतो का आपण?"

सासूबाई नर्स होत्या. रस्ता जिथे संपतो तिथली बाळंतपणंसुद्धा त्यांनी याच गाडीवरून जाऊन केली होती. मग त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं; गाडी पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि त्या स्वतः पलंगावर. आता मुलाने गाडीला गिऱ्हाईक शोधलं होतं. माणूस दुपारी येणार होता. गाडी चालू असेल तर हौसेने ठेवणार, नाहीतर सुटे भाग काढून घेणार. मुलाने हे सकाळीच सांगितलं. तो कामावर गेल्यावर त्यांनी शिवणयंत्रावर बसलेल्या सुनेला हाक मारली.

कार्ब्युरेटर खोलला. जुनं पेट्रोल आटून आत डिंकासारखं चिकटलं होतं. ज्या भोकातून पेट्रोल जातं ते बारकं पितळी जेट तर पार बुजलेलं. सुनेने सवयीने ओढणीला टोचलेली सुई काढली.

"सुई नको! भोक मोठं झालं तर गाडी पेट्रोल पीत बसेल. ब्रशचा केस घे."

केस आत फिरवून सुनेने फुंकर मारली, जेट उन्हाकडे धरलं. उजेडाचा एक ठिपका दिसला.

पुन्हा जोडल्यावर गाडी बंद पडेना, पण तिला स्वस्थताही नव्हती. आवाज मधेच चढायचा, मधेच बसायचा.

"चोरून हवा घेतेय कुठूनतरी," सासूबाई म्हणाल्या. "तुझी इस्त्रीची पाण्याची बाटली आण."

कार्ब्युरेटर इंजिनाला जोडतो तिथे सुनेने पाण्याचा फवारा मारला आणि आवाज एकदम बदलला. खोलून बघितलं, तर जोडामधलं पॅकिंग वाळून तडकलं होतं. सासूबाईंनी त्याचे तुकडे तळहातावर घेतले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे आता कुठे मिळायचं? ज्याच्याकडे मिळायचं, तो दुकानदारही राहिला नाही. जाऊ दे. येऊ दे त्या माणसाला."

सून कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पॅकिंगचा जाड कागद घेऊन आली. तुकडे जुळवून तिने त्यावर ठेवले, खडूने रेघ मारली आणि कात्री चालवली.

"गळे कापते मी रोज," ती म्हणाली. "ब्लाउजचे."

सासूबाईंना हसू फुटलं. नव्या पॅकिंगच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. "माझ्या दवाखान्यात असतीस, तर टाके घालायला तुलाच बोलावलं असतं."

सगळं पुन्हा जोडून सुनेने किक मारली. सासूबाई पुढे वाकल्या. "स्लोचा स्क्रू पिळ अजून जरासा. अजून... बास! हात काढ."

सुनेने अ‍ॅक्सिलरेटरवरचा हात काढला. गाडी थांबली नाही. एका लयीत, कुणाची वाट बघत असल्यासारखी चालत राहिली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

फाटक वाजलं. मुलगा एका माणसाला घेऊन आत आला आणि जागीच उभा राहिला.

"आई, हे गाडी बघायला आलेत."

सासूबाई उठल्या. गाडीपर्यंतची चार पावलं त्यांनी सावकाश टाकली आणि सीट हाताने पुसली.

"स्कूटर येते ना तुला?" त्यांनी सुनेला विचारलं. "इथे गिअर तेवढे पायाने टाकायचे. बस पुढे."

"आत्ता?"

"मग कधी?"

सून बसली. तिच्या खांद्याचा आधार घेऊन सासूबाई मागे एका बाजूने बसल्या, जराशा कण्हल्या, मग नीट सरकल्या.

"आई, अगं पाय! आणि यांना काय सांगू मी?"

"सांग," त्या म्हणाल्या, "गाडी कामावर गेलीय."