अस्तरातली गर्दी

"अस्तरात पेशींची गर्दी दिसतेय," लॅबच्या डॉक्टरीणबाई मायक्रोस्कोपवरून डोकं न उचलता म्हणाल्या.

पीटीच्या बाई ताडकन उठल्या. "गर्दी? कसली गर्दी?"

"आई, बसा हो जरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बसतील तर त्या पीटीच्या बाई कसल्या! उभा जन्म शाळेच्या मैदानावर गेलेला. त्या टेबलापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून टेबलापर्यंत फेऱ्या मारू लागल्या.

त्यांची लेक जन्मली तीच गर्भाशयाशिवाय. वयात आल्यावर ते कळलं. पुढे लग्न झालं, नवरा समजूतदार मिळाला, पण मूल म्हटलं की लेक खोलीचं दार लावून घ्यायची. एकदा आईनं दारावर थापा मारून सांगितलं, "माझं घे! त्याचं काम कधीच झालंय, नुसतं पडून आहे." लेक रडता रडता हसली. पण आई थट्टा करत नव्हती. तपासण्या झाल्या, दोघींची ऑपरेशनं झाली, आणि ज्या घरात लेक नऊ महिने राहून गेली होती, तेच घर तिच्या पोटात आलं. पाळी सुरू झाली तेव्हा पीटीच्या बाईंनी अख्ख्या वॉर्डाला पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

आता गर्भ ठेवायची तारीख ठरायची होती. त्याआधी गर्भाशयाच्या अस्तराचा हा तुकडा तपासायला घेतला होता. लेकीचं अंग आईच्या गर्भाशयावर उलटलं, किंवा आईच्या पेशी लेकीवर उलटल्या, तर ते काढून टाकावं लागेल, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. आणि दुसरं कुठून आणणार? आई काही दोन नसतात.

"माझ्याच असणार त्या," बाई म्हणाल्या. "जन्मात मी कुणाला रांगेत पुढे घुसू दिलं नाही. माझ्या पेशी तरी नमतं कशाला घेतील? भांडत असतील मेल्या माझ्या पोरीशी."

डॉक्टरीणबाईंनी आता मात्र डोकं वर केलं. त्या चक्क हसत होत्या. "अहो, हल्ला करणाऱ्या पेशी अशा दिसत नाहीत. या राखणदार आहेत. पाळीच्या आधी दर महिन्याला चांगल्या गर्भाशयात जमतात. बाळ आलंच, तर त्याच्यासाठी रक्ताच्या वाटा रुंद करतात. ही गर्दी नसती तर मी घाबरले असते."

"म्हणजे... चांगलं आहे?"

"फार चांगलं आहे."

बाई खुर्चीत बसल्या आणि लगेच पुन्हा उठल्या. एवढ्यावर भागणार नव्हतं. "पण आहेत कुणाच्या? माझ्या असतील तर आज गप्प बसतील, उद्या भांडतील. मी ओळखून आहे मला!"

"तेही पाहिलंय. ऑपरेशन झालं तेव्हा सगळ्या तुमच्याच होत्या. त्या हळूहळू संपल्या आणि त्यांच्या जागी तुमच्या लेकीच्या रक्तातून नव्या आल्या. तिच्या अंगानं गर्भाशय आपलं मानलंय, आई. राखायलाही लागलंय."

"आणि माझ्या? माझ्या किती उरल्या?"

"शोध शोध शोधलं. एकही नाही."

बाईंनी दार धाडकन उघडलं. लेक कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, रक्त देऊन हात दुमडून बसली होती. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचणारा आवाज घुमला, "एकही नाही! ऐकलंस का गं? माझी एकसुद्धा उरली नाही!"

लेक आईकडे धावत सुटली. बाकांवरची माणसं मात्र बघतच राहिली. आपलं काहीच उरलं नाही म्हणून आनंदानं नाचणारी बाई त्यांनी आजवर पाहिली नव्हती.