तिसऱ्या सेन्सरचा तडा

चाचणीसाठी आठ सेन्सर लावलेली प्रेसची बिडाची चौकट एकाच दणक्यात फुटली. जाड काचेमागे उभे असलेले सगळे दचकले आणि लगेच स्क्रीनकडे धावले. चाचणी इंजिनिअरबाई तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत. स्क्रीनवर काय येणार, ते त्यांना सेन्सरचे आकडे कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या नव्या कार्डाचं खोकं उघडलं त्या दिवशीच कळलं होतं.

"तीन!" मोठे साहेब खूश झाले. "तडा तिसऱ्या सेन्सरजवळ सुरू झाला. मग चार, पाच, सहा, सात, आठ, एक, दोन. कसा शिस्तीत गेलाय बघा!"

"शिस्तीतच दिसणार. तो क्रम तड्याचा नाही साहेब, कार्डाचा आहे."

ते कार्ड आणणाऱ्या खरेदीवाल्यांनी कपाळाला हात लावला. "झालं यांचं पुन्हा सुरू!"

"पुन्हा काय पुन्हा? घसा फोडून सांगत होते मी!" बाईंचा आवाज चढला. "या कार्डात मोजणारा एकच आहे. तो एकेका सेन्सरकडे आळीपाळीने डोकावतो. त्याची फेरी पुरी व्हायच्या आत तड्याचा आवाज अख्ख्या चौकटीभर फिरून येतो. बिड तडकलं तेव्हा मोजणारा नेमका तिसऱ्यापाशी होता, म्हणून तीन. मी मागितलेल्या कार्डात आठ सेन्सरना आठ मोजणारे होते. आठही एकदम ऐकणारे."

"अहो, पण आठ चॅनेल याच्यावरही आहेत. वर वेगाचा आकडा तुमच्या कार्डापेक्षा मोठा!"

"तो आकडा आठांत वाटला जातो हो!"

खरेदीवाले साहेबांकडे बघून हसले. बाईंना वाटलं, समोरचा कीबोर्ड उचलून आपटावा. एकाच वेळी ओतलेल्या चौकटींपैकी कुठेही न बसवलेली अशी ही एकच उरली होती. बाकीच्या चौकटी कारखान्यांत बसवलेल्या होत्या, आणि त्यांतल्याच एकीने फुटताना एका कामगाराचा हात नेला होता. आता हिचेही तुकडे जमिनीवर पडले होते. तडे इतके एकमेकांत घुसलेले, की आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता, कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं.

"रिपोर्टमध्ये तीन लिहा," साहेब म्हणाले. "तिथे जाड पट्टी बसवायला सांगू सगळ्यांना. विषय संपला."

"आणि तडा सातपाशी सुरू होत असला तर?"

"बाई, आलेख समोर आहे. उगाच फाटे फोडू नका."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. धाकटे दीर होते. त्यांच्या कारखान्यात तसलीच प्रेस होती, आणि ती तेच चालवायचे. या चाचणीसाठीच ती बंद ठेवलेली होती. बाईंनी मुद्दाम स्पीकर लावला.

"वहिनी, झाली का चाचणी? पट्टी कुठे बसवायची तेवढं सांगा, म्हणजे सुरू करतो."

साहेबांनी घाईघाईने तीन बोटं दाखवली.

"भाऊजी, प्रेसला हात लावू नका," बाई म्हणाल्या. "चौकट फुटली, पण आम्हाला काहीही कळलेलं नाही."

"मग दुसरी फोडून बघा ना."

"दुसरी नाही. उरल्यात त्या सगळ्या तुमच्यासारख्यांकडे, बसवलेल्या."



"म्हणजे आता आमच्यातली एखादी फुटायची वाट बघायची का, वहिनी?"